तिरपी देवनागरी: केसरेघेचा हिशोब

जाड उभ्या दंडाशेजारी केसाइतकी बारीक रेघ, हा बोडोनी या इटालियन मुद्रकाच्या अक्षरवळणाचा डौल मला तिरप्या देवनागरीत हवाय. मथळे, लग्नपत्रिकेवरची नावं, नाटकाचे फलक यांच्यासाठीच हा फॉन्ट आहे.

मापं आता ठरली: १००० युनिटच्या चौकटीत दंड १२०, बारीक रेघ १४, कल १२ अंश. ७२ पॉइंटला ही रेघ एक पॉइंट जाडीची होते आणि ऑफसेट छपाईत सुरेख उमटते. १२ पॉइंटला मात्र ती जेमतेम ०.०६ मिमी उरते, खरखरीत कागदावर तुटणारच. म्हणून ३६ पॉइंटच्या खाली हा वापरू नये.

या टप्प्यातलं खरं काम जाड-बारीकच्या जागांचं. रोमन टाकाची बारीक रेघ डावीकडून उजवीकडे वर चढते. बोरूचा काप उलटा, त्यामुळे आपली बारीक रेघ उजवीकडे खाली उतरते. बोरूने काढलेल्या ‘र’चा पाय पाहा. आता उभं अक्षर संगणकावर नुसतं १२ अंश कलवलं, तर ४५ अंशांतली जाड रेघ सुमारे १० टक्के झिजते आणि तिच्या काटकोनातली बारीक रेघ ११ टक्के फुगते. म्हणजे कल नेमका आपल्याच जाड-बारीकच्या मुळावर येतो! दंड जेमतेम २ टक्के बारीक होतो, शिरोरेषा तशीच राहते. म्हणून कलवल्यावर प्रत्येक वळण पुन्हा काढतोय.

रोमन कवी व्हर्जिलच्या १५०१ च्या छापील आवृत्तीसाठी फ्रांचेस्को ग्रिफोने व्हेनिसमध्ये कोरलेलं इटालिक, म्हणजे तिरपं रोमन वळण, हस्ताक्षरातून आलं होतं. आपलं धावतं हस्ताक्षर म्हणजे मोडी. पण तिची वळणं बाळबोधात, म्हणजे देवनागरीत घातली की वाचणारा अडखळतो. मी तिच्याकडून फक्त लय घेतली.

शिरोरेषेवर मी ठाम आहे. बोडोनीच्या हिशोबाने आडवी रेघ केसाएवढी हवी, पण १४ युनिटांवर शब्द विस्कटतो. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू पाट्या शेजारीशेजारी असतात. त्यांत देवनागरी लांबून ओळखू येते ती शिरोरेषेवरूनच. ती ४६ ठेवलीय.

चाचणीचा शब्द अर्थातच सोलापूरचं ग्रामदैवत ‘सिद्धेश्वर’. वेलांटीची कमान, ‘द्ध’च्या पोटातली अडचण, मराठी वळणाचा ‘श’, सगळं एका शब्दात सापडतं. ‘द्ध’मधली पांढरी जागा वाढवल्यावर शब्द मोकळा श्वास घेऊ लागला. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हीच मूळ रूपं. हिंदी वळणं पर्यायी.

पुढे रफार. ‘कीर्ती’त तो वेलांटीच्या कमानीला भिडतो आणि दोन बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. त्यांच्यात ३० युनिटांची फट ठेवून पाहतोय. ७२ पॉइंटला पुरते, ३६ ला अजून थोडी हवीय.