अलार्म ऑफ गेला

दुपारी जरा डोळा लागला होता. अर्ध्या तासाचा अलार्म लावून आडवी झाले होते. तो ठणाणा करायला लागला, मी चाचपडत बंद केला, तेवढ्यात पलंगाच्या कडेला वही घेऊन बसलेल्या भाचीने विचारलं, "आत्या, 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म बंद पडला ना गं?"

"नाही. वाजला."

"पण ऑफ म्हणजे बंद."

"हो."

"मग आत्ता तू काय केलंस?"

"टर्न ऑफ केला."

"म्हणजे आधी तो आपला आपण ऑफ गेला, आणि मग तू त्याला ऑफ केलंस?"

मी उशीत तोंड खुपसलं. दिवा 'गोज ऑफ' तेव्हा अंधार होतो, बॉम्ब 'गोज ऑफ' तेव्हा फुटतो, दूध 'गोज ऑफ' तेव्हा नासतं. बंदुकीचा चाप सुटतो ना, तसा घड्याळातला अडकवलेला खटका सुटतो असं समज, अशी कशीबशी तिची समजूत काढली. "आणि दुधाचा?" तिने विचारलं. दुधाचा खटका कुठे असतो ते मला सांगता येईना.

बाबांची एक लांबट वही होती. वर्तमानपत्र वाचताना अडलेला प्रत्येक इंग्रजी शब्द त्या वहीत जायचा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मधे पट्टीने मारलेली रेघ. पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश, इन्व्हेस्टिगेट. शब्द जितका लांब, तितकं बाबांचं अक्षर सुबक. रात्री मला समोर बसवून ते डावा रकाना वाचायचे आणि मी उजवा म्हणायचे. 'गेट', 'पुट', 'टेक' असली चिल्लर त्यांनी कधी टिपली नाही. "ते काय लिहायचं? येतंच की!"

मग एके दिवशी शाळेत बाईंनी फळ्यावर 'पुट'ची माळ लिहिली आणि पाढ्यासारखी आमच्याकडून म्हणून घेतली. पुट ऑफ पुढे ढकलणे, पुट आउट विझवणे, पुट अप विथ सहन करणे. घरी येऊन मी ती तशीच सुरात म्हणून दाखवली. बाबांनी पेन खाली ठेवलं. "सहन करायला तीन-तीन शब्द? त्यापेक्षा टॉलरेट बरा. एकटा येतो, एकटा जातो."

मी त्यांचीच मुलगी. अजूनही इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या म्हटलं की माझ्या हातून नोटीस तयार होते. मैत्रिणीला फक्त कळवायचं असतं की उद्या नको, परवा भेटू. आणि मी 'पोस्टपोन' लिहून बसते, जणू सुनावणीची तारीख पडलीय. 'फाइंड आउट' सुचायच्या आधी 'ॲसर्टेन' सुचतो. तो शब्द बोलताना मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

खरं म्हणजे लांब शब्दच सोपे. त्यांना अर्थ एक, फार तर दोन. कोशात बघितला की विषय मिटला. नाकी नऊ आणतात ते हे दीड-दोन अक्षरांचे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाची नवी आवृत्ती करताना एकट्या 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. आणि डॉ. जॉन्सनने तर १७५५ सालीच आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की क्रियापदामागे एवढासा शब्द जोडून त्याचा अर्थ फिरवायची ही खोड इंग्रजीत बहुधा इतर कुठल्याही भाषेपेक्षा जास्त आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त छळते तीच. एवढी जुनी पूर्वसूचना आहे म्हटल्यावर आता तक्रार तरी कुणाकडे करायची?

शिवाय खोड आपल्याला काही नवी नाही. संस्कृतच्या तासाला घोकलेलं अजून जिभेवर आहे: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्.' धातू एकच, हृ. त्याच्या आधी 'प्र' लागला की मारामारी, 'आ' लागला की जेवण, 'वि' लागला की भटकंती, 'सम्' लागला की सर्वनाश. 'बलात्' हा शब्द मला त्यात फार आवडतो. उपसर्ग अर्थाला समजावून नेत नाही, बखोटीला धरून नेतो. इंग्रजीने ते पुढचे उपसर्ग शेपटीला बांधले, एवढंच. बरं, बाबांचा तो लाडका 'पोस्टपोन' तरी कोण? लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. म्हणजे हाही 'पुट'च, फक्त सूटबूट घालून आलेला. बाबांना हे कधी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

या शेपटांनी माझं एकदाच खरं नुकसान केलं. शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि एका नोकरीसाठी फोन केला होता. पलीकडच्या बाई गडबडीत "हँग ऑन, प्लीज" म्हणाल्या. मला 'हँग' तेवढं ऐकू आलं. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणे, हे माझं चोख पाठ होतं. जुने फोन भिंतीवर असायचे, बोलणं संपलं की रिसीव्हर आकड्याला टांगायचा, म्हणून 'हँग', हेसुद्धा वाचलेलं होतं. मी अदबीने "थँक यू" म्हणून फोन ठेवला. त्यांनी परत केला नाही. मीही केला नाही. असं तोंडावर ठेवायला सांगतात म्हणजे काय, या रागातच आठवडा काढला. 'हँग ऑन' म्हणजे 'जरा थांबा', हा उलगडा झाला तोवर बराच उशीर झाला होता.

भाचीचं पुढचं पान गाळलेल्या जागांचं होतं. ती माझ्यावर रागावली आहे, या वाक्यात तिने 'अँग्री'नंतर 'ऑन' भरला होता. चुकलं म्हणायला माझी जीभ रेटेना. आपला राग माणसावर निघतो, प्रेम माणसावर बसतं, विश्वास ठेवायचा तो माणसावर, संशय घ्यायचा तो माणसावर, उपकार करायचे तेही त्याच्यावरच. सगळं ओझं बिचाऱ्याच्या अंगावर. इंग्रजीत रागवायचं 'विथ', प्रेमात पडायचं तेही 'विथ', विश्वास मात्र थेट 'इन'. लग्न झालं की 'विथ' संपतो आणि 'टू' येतो. यावर माझी काही मतं आहेत, पण भाची लहान आहे.

एक जागा मात्र सापडली, जिथे दोन्ही भाषांचं जमतं. 'डिपेंड ऑन' आणि 'वर अवलंबून'. 'डिपेंड'च्या पोटात लॅटिनचा लटकणारा धातू आहे, 'अवलंब'च्या पोटात संस्कृतचा 'लम्ब्', तोही लटकणाराच. लटकायचं म्हटलं तर कशाला तरी, खाली. पण दोघीही हट्टाने 'वर'च म्हणतात. मी हे उत्साहाने सांगितलं. भाचीने मुकाट्याने लिहून घेतलं, बहुधा मी गप्प बसावं म्हणून.

मग तिने 'गेट' काढला. गेट अप, गेट बाय, गेट ओव्हर. समोर मराठी अर्थ लिहायचे होते.

बाबा गेले तेव्हा परदेशातल्या एका मैत्रिणीचा निरोप आला होता, 'यू विल गेट ओव्हर इट.' इथली माणसं म्हणत होती, यातून बाहेर पडशील हळूहळू. तशा दिवसांतही माझं डोकं शब्दांतच अडकलं होतं. तिच्या भाषेत दुःख म्हणजे वाटेत आडवं पडलेलं काहीतरी, पाय उचलायचा आणि पलीकडे जायचं. आपल्या भाषेत तुम्ही आधीच आत असता. कधी शिरलात ते कुणी विचारत नाही, दार तेवढं तुम्ही शोधायचं.

"आत्या, काय लिहू?"

"सावरणे लिही."

संध्याकाळी ती गेल्यावर मी बाबांची वही खाली काढली. शेवटच्या पानांकडे अक्षर फार हललेलं आहे. पण तिथे 'गेट' आहे. इतकी वर्षं चिल्लर म्हणून सोडून दिलेला 'गेट', मधे रेघ मारून, ती पट्टीनेच. गेट अप, उठणे. गेट ऑन, चढणे. गेट ऑफ, उतरणे. पुढे काही नाही. कंटाळले असतील.