आज चार बिनहुकमी बोललो

संध्याकाळी राजारामपुरीत आप्पांकडे पत्त्यांतलं ब्रिज. भिडू आप्पाच. त्यांनी एक बिनहुकमीनं (कुठलाच रंग हुकूम नाही) बोली उघडली, म्हणजे त्यांच्या पानांत १५ ते १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). माझ्याकडे १६: इस्पिक एक्का-राणी, बदाम राजा-गुलाम, चौकट एक्का, किलवर राणी. चार किलवर, बाकी तीन-तीन. एकही लांब रंग नाही.

असा हात आला की सहावर उडी मारायचा मोह होतो. पण दोघांचीही पानं अशी सपाट, लांब रंगाशिवाय असतील तर स्लॅमला (सहाची बोली, तेरापैकी बारा हात जिंकायचे) दोघांचे मिळून साधारण ३३ पॉइंट लागतात. आप्पांकडे १७ असले तरच बेरीज तिथवर पोचते. म्हणून थेट चार बिनहुकमी बोललो. इथं ती बोली भिडूकडे एक्के किती ते विचारत नाही, "वरच्या टोकाला असाल तर सहा करा" एवढंच सांगते. मला ब्रिजमधलं हेच सगळ्यात आवडतं, निर्णय भिडूवर विश्वासानं सोपवणं.

आप्पा थोडं थांबले आणि पास म्हणाले. अकरा हात झाले, बारावा कुठूनच येत नव्हता.

"पंधराच होते की माझ्याकडं, कशाला वर जाऊ?" आप्पा पानं गोळा करत म्हणाले. किती समाधान वाटलं! माझ्याकडे १८ असते तर मात्र विचारलंच नसतं, सरळ सहा.