आल्या आल्या गुड नाइट

परवा दुपारी बँकेत गेले होते. पासबुक भरून घ्यायचं, एवढंच काम. खिडकीपाशी पोचले आणि सवयीनं म्हणाले, "नमस्कार." काचेपलीकडच्या बाईंनी कीबोर्डवरची बोटं उचलली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पॉलिसीवाल्यांनी साहेबांना भेटायचं, मॅडम. दुसरी केबिन."

मी पॉलिसीवाली नाही हे त्यांना पटेपर्यंत मागच्या गृहस्थांचं दोनदा घसा खाकरून झालं. बाईंचं काही चुकलं नाही. आपल्याकडे काम असलेला माणूस नमस्कारात वेळ घालवत नाही, तो कागद पुढे सरकवतो. नमस्कार करतो तो काहीतरी विकायला नाहीतर मतं मागायला आलेला. (गावाकडे रामराम असतो. पण शहरात येताना तो आपण एसटी स्टँडवरच उतरवून ठेवतो.) मीही निम्मं आयुष्य कागद पुढे सरकवणाऱ्यांतलीच. बिघडले ती त्रिनिदादला.

एका वर्षासाठी गेले होते, वेस्ट इंडीज विद्यापीठात. तिकडची बेटं एरवी आपापला झेंडा, आपापलं राष्ट्रगीत सांभाळून असतात, पण दोन गोष्टी त्यांनी सामाईक ठेवल्या आहेत: क्रिकेटची टीम आणि हे विद्यापीठ. १९४८मध्ये जमैकात लंडन विद्यापीठाचं एक कॉलेज म्हणून ते सुरू झालं. त्रिनिदादमधल्या सेंट ऑगस्टिनला त्याआधीपासून शेतकी कॉलेज होतं, साम्राज्यातल्या ऊस-कोकोवाल्या वसाहतींना माणसं पुरवणारं. ते १९६०मध्ये यात सामील झालं. म्हणून आवारात अजून झाडांचा रुबाब आहे. मोठमोठे सामान वृक्ष, म्हणजे आपला वर्षावृक्ष. आणि पुई नावाचं एक झाड. ऐन परीक्षेच्या तोंडावर ते अंगभर फुलतं. पुई फुलली आणि तू अजून पुस्तक उघडलं नसशील तर आता उघडूही नकोस, असं तिथली मुलं एकमेकांना सांगतात. उत्तरेला डोंगर, डोंगराच्या उतारावर बेनेडिक्टाईन साधूंचा मठ. त्या मठाच्या दह्यावर मी वर्षभर दहीभात निभावला, पण तो विषय वेगळा.

सकाळी माझा स्वतःचा अभ्यास आणि दुपारनंतर ग्रंथालयाचं काम, अशी वाटणी होती. अल्मा जॉर्डन ग्रंथालयात वेस्ट इंडियाना नावाचा विभाग आहे. कवी डेरेक वॉलकॉटची हस्तलिखितं तिथे, लेखक-विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांचे कागद तिथे. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स स्वतः इतिहासकार. त्यांचा स्वतःचा सुमारे ७ हजार पुस्तकांचा संग्रहही तिथेच. आत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. मला ते फार आवडायचं. पेन्सिलीला टोक काढता काढता माणूस आपोआप विचार करतो.

तर पहिल्याच दिवशी मी काउंटरवर गेले आणि विचारलं, "जुनी वर्तमानपत्रं कुठे बघायला मिळतील?"

बाई म्हणाल्या, "गुड मॉर्निंग."

मला वाटलं ऐकू गेलं नाही. परत विचारलं, जरा मोठ्यानं.

"गुड मॉर्निंग," बाई तेवढ्याच शांतपणे.

तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि डोक्यात उजेड पडला. "गुड मॉर्निंग," मी म्हणाले. मग त्या अशा हसल्या, की जुनी वर्तमानपत्रंच काय, त्यांनी मला डब्यातलं वांग्याचं चोकासुद्धा दिलं असतं. पुढे दिलंही. भाजलेल्या वांग्याचं भरीत ते, लसणाचं. फक्त दाण्याचं कूट नाही.

तिथे बघितलेल्या माणसाला ओळख न देता बोलायला सुरुवात करणं म्हणजे त्याच्या अंगावरून चालत जाणं. मॅक्सी-टॅक्सीत, म्हणजे तिकडच्या मिनीबसमध्ये, चढलं की आधी सगळ्या गाडीला गुड मॉर्निंग. गाडीतून सात-आठ आवाज परत येतात, त्यात एक खिडकीला डोकं टेकून पेंगणाऱ्याचाही असतो. मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या राज्यातली. पहिले काही दिवस तर मला वाटायचं, हे सगळे एकमेकांच्या नात्यातले आहेत. सकाळी क्युरेपच्या नाक्यावर डबल्सच्या गाडीभोवती ही गर्दी. दोन मऊ बारे, म्हणजे तळलेल्या छोट्या पोळ्या, मध्ये चणे, तिखट किती ते सांगायचं. तिथेही आधी "मॉर्निंग", मग "स्लाइट पेपर". माझं स्लाइट त्यांच्या स्लाइटपेक्षा जास्त निघालं, याचा मला अजून अभिमान आहे.

पण खरी गोची संध्याकाळी झाली. पहिल्या आठवड्यात एकदा साडेसहा-सात वाजता ग्रंथालयात परत गेले. दारावरचा पहारेकरी हसून म्हणाला, "गुड नाइट." बंद झालं वाटतं, असं म्हणून मी उलटपावली खोलीवर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जरा लवकर निघाले, तरी अंधार पडलाच, आणि याचं आपलं "गुड नाइट". शेवटी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, की पाटीवर उशिरापर्यंत उघडं असं लिहिलंय आणि हा रोज मला घालवतो कसा. त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. अंधार पडल्यावर भेटणाऱ्याला तिकडे गुड नाइटच म्हणतात. येताना गुड नाइट, जाताना गुड नाइट. तो बिचारा तीन दिवस माझं स्वागत करत होता.

हे मी घरी फोनवर सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र आजी आठवली.

कोकणात आमच्या घराला पुढे पडवी, मग अंगण. मे महिना संपला की मुंबईला परतायचं. एका वर्षी, मी सहा-सात वर्षांची असेन, बोचकी बांधून झालेली, बैलगाडी उभी, आणि मी खळ्यातून ओरडले, "आजी, मी जाते गं!" आजी पायरीवर उभी होती. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "इकडे ये आधी." मला परत पडवीत नेलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली, घोटभर पाणी पाजलं. "आता नीट म्हण." मी म्हटलं, "येते." "ये," ती म्हणाली, आणि मगच गाडी हलली. वडील घड्याळ बघत होते. एसटी चुकली की नाही ते मला आठवत नाही.

म्हणजे जाताना 'येते' म्हणणारी मी, येताना 'गुड नाइट' म्हणणाऱ्याला हसत होते.

ग्रंथालयातलं माझं काम मुलाखतींची विषयसूची करायचं. विद्यापीठानं जुन्या माणसांना बोलतं करून ते ध्वनिमुद्रित केलंय, त्याच्या टंकलिखित प्रती. १८४५च्या मे महिन्यात फतेल रझाक जहाज तिथे लागलं, तेव्हापासून १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांवर माणसं हिंदुस्थानातून ऊसमळ्यांवर कामाला नेली. गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर. बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांची मुलं, नातवंडं या कागदांत बोलतात. इंग्रजीत बोलता बोलता मध्येच चुल्हा, तवा, लोटा. आणि एक बाई, एजी. प्रत्येक मुलाखतीत ही एजी: एजीनं वाढवलं, एजी पहाटे मळ्यावर जायची, एजीला इंग्रजी येत नव्हतं. दोन दिवस मी तिला विशेषनामांत टाकत होते. रोमन लिपीत आपला शब्द समोर आला तरी ओळखू येत नाही, रेल्वे फलाटावर भलत्याच गावी शेजारी दिसावा तसं. तिसऱ्या दिवशी एक वाक्य सहज मोठ्यानं वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आजी! विशेषनामांतले सगळे एजीबाईंचे उल्लेख खोडून पुन्हा लावावे लागले.

त्याच सुमारास ते म्हातारबाबा भेटले. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची फाइल. मी मुंबईकडची म्हटल्यावर साठीपुढचा कुठलाही त्रिनिदादी करतो तेच त्यांनी केलं: "गावस्कर!" १९७१चा दौरा. पहिलीच मालिका, ७७४ धावा, त्यातल्या १२४ आणि २२० शेवटच्या कसोटीत, त्यांच्याच पोर्ट ऑफ स्पेनला. दिलीप सरदेसाईंचंही नाव त्यांनी घेतलं, तेव्हा मला उगाच घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मग त्यांनी फाइल उघडली. त्यांच्या आजीच्या, हिंदुस्थान सोडतानाच्या परवान्याची झेरॉक्स. नाव, बापाचं नाव, वय २०, जिल्हा गाझीपूर, ठाणं, गाव. अंगावरची खूण: डाव्या नडगीवर व्रण. गावाचं नाव शाईत फुगलेलं, वाचता येत नव्हतं. मी हिंदुस्थानातली, म्हणून मला येईल असं त्यांना वाटलं. मी भिंग घेऊन बराच वेळ बघितलं. नाही आलं.

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी बोलत राहिले. आमच्याकडेही आजीच म्हणतात, म्हटलं. ते खूश झाले. पण आईच्या आईलाही आजीच म्हणतो, हे त्यांना पटेना. त्यांच्याकडे ती नानी. "मग दोघी घरात असल्या तर हाक कोणाला मारली ते कळतं कसं?" मी म्हटलं, दोघीही येतात. मग तो 'येते'चा किस्सा सांगितला. साखर, पाणी, सगळं. आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत, घरातून निघताना 'येते' म्हणूनच निघायचं.

ते ऐकत होते. झेरॉक्सची घडी त्यांनी आधीच्याच घड्यांवरून घातली, फाइलमध्ये ठेवली, रबर लावलं.

"आणि नाही आलं तर?" त्यांनी विचारलं.

बाहेर अंधार पडला होता. दारावरचा पहारेकरी कुणाला तरी गुड नाइट म्हणाला. कोणी आत येत होतं की बाहेर जात होतं, बसल्या जागेवरून कळेना.