अर्थची काढलेली पिन

वागळे इस्टेटमध्ये आमचं ड्राइव्ह दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रबाळे, महापे, तळोजा इथल्या कारखान्यांतून बंद पडलेले व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह, टेम्पोत घालून येतात आणि आम्ही ते परत उभे करतो. शेठ, काका, मी आणि गेल्या वर्षीपासून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडचा एक अ‍ॅप्रेंटिस, एवढीच माणसं. टेबलावर दोन चॅनेलचा एक ऑसिलोस्कोप आहे, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा. मी कामाला लागले त्याला अकरा वर्षं झाली, आणि पहिल्या दिवसापासून त्या स्कोपच्या थ्री-पिन टॉपला दोनच पिना होत्या. वरची जाड पिन, अर्थची, काकांनी काढून टाकलेली.

त्यामागे कारण होतं, ते आधी सांगते. स्कोपच्या प्रोबला, म्हणजे मोजायच्या वायरीला, एक अणकुचीदार टोक असतं आणि एक आखूड काळी वायर, तिच्या शेवटी क्रोकोडाइल क्लिप. मल्टिमीटरची सवय असलेल्याला वाटतं, ही क्लिपही मीटरच्या काळ्या वायरीसारखीच, कुठेही लावावी. तसं नाही. ती क्लिप केबलच्या जाळीतून स्कोपच्या धातूच्या बीएनसी सॉकेटला (प्रोब खोचायचं गोल तोंड), तिथून बॉडीला आणि तिथून पॉवर कॉर्डच्या हिरव्या वायरीने थेट अर्थिंगला जोडलेली असते. काकांनी खूप वर्षांपूर्वी ती चालू ड्राइव्हच्या डीसी बसच्या, म्हणजे आतल्या डीसी सप्लायच्या, निगेटिव्हला लावली. सिंगल फेज ड्राइव्हमध्ये २३० व्होल्टचं चार डायोडच्या ब्रिजमधून डीसी होतं, साधारण ३२५ व्होल्ट. त्या निगेटिव्हला आपण सगळे सर्रास ग्राउंड म्हणतो, पण त्याचा अर्थिंगशी काही संबंध नाही. फेज उलट्या बाजूला गेला की ब्रिजचा डायोड त्या निगेटिव्हला सरळ फेजवर नेऊन बसवतो, सेकंदाला पन्नास वेळा. म्हणजे काकांनी क्लिपने फेज आणि अर्थ शॉर्ट केले होते. धडाका झाला, एमसीबी पडली, क्लिप वितळली, ब्रिज गेला. स्कोप वाचला, पण पुन्हा असं झालं तर दुसरा घेण्याची दुकानाची ऐपत नव्हती. काकांनी पिन काढली. नंतर कधी धडाका झाला नाही.

आज मला दिसतं की धडाका हीच त्या क्लिपची बोंब होती. पिन काढल्यावर ती बोंब बंद झाली आणि तोच करंट गुपचूप स्कोपच्या अंगावर येऊन बसला.

आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. "मेजरमेंट चालू असताना स्कोपला हात लावायचा नाही, नॉब सोडून काही धरायचं नाही," हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी ते अकरा वर्षं पाळलं. अ‍ॅप्रेंटिस पोराला मी ते सांगितलं का? सांगितलं होतं, एकदा, चहा पिताना, दहा गोष्टींत अकरावी म्हणून.

तो जुलैचा दिवस होता. रबाळ्याच्या एका पॅकिंग लाइनचा दीड किलोवॉटचा ड्राइव्ह टेबलावर उघडा पडला होता. मोटरची वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरपैकी, म्हणजे आयजीबीटींपैकी, खालच्याचे गेट पल्स, त्याला चालू-बंद करणारे इशारे, बघायचे होते. पोराने सगळं माझ्यासमोर नीट केलं: सप्लाय बंद, टोक गेटला, क्लिप एमिटरला म्हणजे बसच्या निगेटिव्हला, मग सप्लाय चालू. पल्स दिसले. मी वळून बिलावर सही करायला लागले.

दुसऱ्या चॅनेलचा प्रोब नुसताच लटकत होता, तो काढून ठेवावा म्हणून त्याने उजव्या हाताने बीएनसीची कडी फिरवायला घेतली. डावा हात ड्राइव्हच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, टेकला होता. हीटसिंक अर्थ केलेला, जसा असायला हवा तसा. मला आवाज आला नाही, ओरडणं तर नाहीच. स्टूल सरकल्याचा आवाज आला म्हणून मी पाहिलं. त्याचा जबडा घट्ट मिटला होता आणि उजव्या हाताची बोटं कडीवर आवळली होती. त्याला ती सोडता येत नव्हती.

मी त्याला धरायला अर्धं पाऊल पुढे टाकलंच होतं. का थांबले ते आठवत नाही. टेबलाच्या टोकाचा मेन स्विच खाली पाडला. पोरगा मागे भिंतीवर आदळला, खाली बसला आणि "ताई, काही नाही झालं" असं तीनदा म्हणाला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरट ठिपके उठले होते, डाळीच्या दाण्याएवढे.

करंट छातीतून गेला होता. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात, म्हणून रिक्षाने सरळ हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. त्याची आई कळव्याहून आली. तिच्यासमोर मला धड बोलताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी लवकर दुकानात आले. ड्राइव्ह बाजूला ठेवला, स्कोपला काहीही न जोडता नुसता चालू केला आणि बीएनसी ते अर्थ असं मीटर लावलं. १०८ व्होल्ट. ड्राइव्ह जोडलेला नसताना! स्कोपच्या सप्लायच्या फिल्टरमध्ये फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे बॉडीला जाणारे कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की बॉडी दोघांच्या मध्ये लटकते. पावसाळ्यात त्या स्कोपला हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्याचा दोष आम्ही वर्षानुवर्षं दमट हवेला देत होतो.

मग डीबी, म्हणजे दुकानाची स्विचांची पेटी, उघडली. आमच्याकडे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे, करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारी, मग ती का पडली नाही? तिच्या तोंडावर चौकोनात फक्त एक लाट छापलेली होती. ती एसी टाइपची. पोराच्या अंगातून गेलेला करंट एकाच बाजूच्या अर्ध्या लाटांचा होता, डायोडमधून आलेला. असा करंट ओळखण्याची हमी ए टाइपची आरसीसीबी देते, तिच्या खुणेत लाटेखाली अर्ध्या लाटांची दुसरी ओळ असते. हे दोन छाप मी शेकडो वेळा पाहिले असतील.

काका दहाला आले. मी त्यांना काहीच बोलले नाही. त्यांनी मीटरवरचा आकडा पाहिला, टॉप हातात घेऊन बराच वेळ बसले. मग कटरने तो टॉप तोडला, नवा आणला, हिरव्या वायरीचं टोक त्यांनी स्वतः वळून स्क्रूखाली घातलं आणि वायर तीनदा ओढून पाहिली. शेठना त्यांनीच सांगितलं की डिफरन्शिअल प्रोब, म्हणजे अर्थशी न जोडता दोन टोकांतला फरक मोजणारा, घ्यायचा, माझ्या पगारातून कापा पण घ्या. पगारातून कापायची वेळ आली नाही. आरसीसीबीही बदलली. प्रोब येईपर्यंत आम्ही दोन प्रोबनी काम भागवलं: दोन्ही क्लिपा एकमेकींना जोडून सर्किटपासून लांब, दोन्ही चॅनेल एकाच स्केलवर, आणि पडद्यावर एकातून दुसरा वजा. प्रोबवर किती व्होल्ट चालतात ते आधी वाचायचं, इथे घाई नको.

नव्या प्रोबने वरच्या आयजीबीटीचा गेट पल्स पाहिला तेव्हा मी चकित झाले. इतकी वर्षं त्या पल्सच्या कडेला जी थरथर दिसायची ती ड्राइव्हची समजून मी कितीतरी गेट रेझिस्टर बदलले. त्यातली बरीचशी आमच्याच स्कोपची होती. स्कोपची अख्खी बॉडी त्या एमिटरला टांगली की जमिनीशी तिचा कपॅसिटन्स प्रत्येक स्विचिंगला भरायचा आणि रिकामा व्हायचा. आता कडा सरळ आली, १५ व्होल्टवर जाऊन स्थिर.

पोरगा पाच दिवसांनी परत आला. मी वाटच पाहत होते, येईल की नाही म्हणून. बोटांवर अजून खपली होती. काकांनी त्याला स्टूल दिलं, स्वतः उभे राहिले. त्याने ड्राइव्हकडे न बघता आधी मल्टिमीटर घेतलं, एक वायर बीएनसीच्या कडीला, दुसरी सॉकेटमधून काढलेल्या टॉपच्या जाड पिनेला लावली. बीप वाजला. तो थांबला, वायर जरा हलवून पुन्हा लावली, पुन्हा वाजला, आणि मग त्याने टॉप सॉकेटमध्ये घातला.