तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो असताना लेण्यांवर कशाला?

‘शिलालेखांचे छापील पाठ मिळतात, फोटोही मिळतात. मग दरवर्षी पोरांना नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या कशाला चढायला लावता?’ पालक विचारतात, सहकारीही विचारतात. उत्तर एकच, आमच्या बाई. माझ्या पीएचडीच्या गाईड. बाई आता नाहीत, पण मला शिकवायची दुसरी रीत येत नाही आणि शिकायचीही नाही.

बाई आधी कधीच वाचून दाखवायच्या नाहीत. दहाव्या लेण्याच्या ओसरीत, नहपान राजाचा जावई उषवदात याच्या लेखापुढे उभं करायच्या. टॉर्च समोरून मारायचा नाही, भिंतीलगत कडेने धरायचा. मग ब्राह्मी अक्षरांच्या खाचांत सावली भरते; छिन्नीची रेघ कुठली आणि दगडाचा नुसता ओरखडा कुठला, ते कळायला लागतं. ‘बोला, काय दिसतंय?’ एवढं म्हणून बाई गप्प. कितीही वेळ लागो, अक्षर सुचवायच्या नाहीत. छापील पाठात हे सगळं कुणीतरी आपल्यासाठी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

त्या लेखात 3000 कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, ठेव आहे, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. (गोवर्धन गाव आजही गंगापूरजवळ आहे.) 2000 दरमहा शेकडा 1 दराने, 1000 शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातूनच. बाई तिथंच वही काढायला लावत. 2000 चं व्याज महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240. आता पुढची ओळ वाचा: लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12. पुन्हा 240! ‘बघा, आकडे बरोबर वाचलेत तुम्ही,’ बाई म्हणायच्या आणि त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू त्यांनाही ते आत्ताच कळलंय. आपलं वाचन खरं की खोटं, हे लेखालाच विचारता येतं, हे मला त्या ओसरीत कळलं.

प्रबंधाच्या प्रकरणांवरही समासात पेन्सिलीने एकच शेरा असायचा, ‘स्वतः पाहिलंत?’ आणि माझ्या शोधनिबंधांवर त्यांनी कधी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. गाईड म्हणून हे किती मोठं होतं, ते विद्यापीठात वावरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

यंदाची तुकडी दिवाळीनंतर जाईल. तुमची मुलगी त्यात असेल तर वही आणि टॉर्च द्या. छापील पाठ मात्र तिला परत आल्यावरच वाचू द्या.