तंबोरे लागेपर्यंत

रविवार म्हणावं तर रात्रीचे अडीच वाजलेत, म्हणजे सोमवारच

आत्ताच वास्कोहून आलो. पदर भिजलाय, केस ओले आहेत, चहा ठेवलाय. सकाळी ऑफिस आहे पण झोप काही येणार नाही आणि आजचं आज लिहिलं नाही तर उद्या त्यातलं नुसतं "छान झालं" एवढंच हाताला लागेल, म्हणून बसलेय.

गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहाला गेलो होतो, तिथे अखंड भजनाबरोबर गाण्याच्या बैठकीही होतात. मी, मामा, भाची आणि बांबोळीची मैत्रीण. १८९८ मध्ये वास्कोत प्लेगची साथ होती, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराचा प्रसादाचा नारळ आणून अखंड भजन सुरू केलं ही गोष्ट मामाने गाडीत परत सांगितली, मी लहानपणापासून ऐकतेय तरी मला ती दर वर्षी ऐकायला आवडते. फेरीतून, म्हणजे जत्रेच्या बाजारातून वाट काढत, खाज्यांचे ढीग, प्लास्टिकची खेळणी, बांगड्या, डोक्यावर पाऊस, असं करत बैठकीला पोचलो तर गर्दी झाली होती, पण कुणीतरी मामाला ओळखून पुढे सरकून जागा दिली. म्हणजे आज आयुष्यात पहिल्यांदा मी तंबोऱ्यापासून दोन हातांवर बसले!

गायिका जयपूर घराण्याच्या. बसल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि तंबोरे मिळवायला घेतले. पट्टी काळी चार. आणि मग ते चाललंच. जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा मिळाल्या तर पंचमाची तार उतरलेली, ती चढवली तर खालच्या षड्जाचा खर्ज हलला, मग घोडीवर तारेला गुंजन आणणारा जव्हारीचा दोरा अगदी केसभर पुढे, परत मागे, खालचे मणी सरकवायचे, कान भोपळ्याला जवळजवळ टेकवून ऐकायचं. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. भाची माझ्या कानात म्हणाली, "अगं सुरू कधी होणार?" तर मामा पुढे बघतच तिला म्हणाला, "राव गो बाय, आयक." थांब गं, ऐक.

आणि खरंच, एका क्षणी ते लागले. हे कसं सांगू ते कळत नाहीये. चार तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या त्या ऐकू येईनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी एकच काहीतरी गोल फिरायला लागलं, आणि त्यात कुणी न छेडलेला गंधार ऐकू आला. पुस्तकात वाचलं होतं की खर्जाच्या तारेतून गंधार निघतो, पण आज तो माझ्या छातीत ऐकू आला. भाचीने माझा हात धरला. तिलाही ऐकू आला असणार.

तबल्याचं तर विचारूच नका. श्रावणातली हवा म्हणजे ओलं फडकंच, चामडं पाणी पितं, सैल पडतं आणि सूर खाली येतो. तबलजी तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर चारी बाजूंनी हातोडी मारतायत, खालचे लाकडी गट्टे ठोकतायत, लागला म्हणेपर्यंत पावसाची एक सर आली की परत उतरला. विलंबित चालू असतानाही मधे एकदा उतरला. मला वाटलं आता बाई वैतागणार, पण त्यांनी तबलजींकडे बघून मान हलवली आणि नुसता षड्ज धरून राहिल्या. तो षड्ज तंबोऱ्यात असा मिसळला की त्यांनी श्वास कुठे घेतला ते कळेना, आणि तेवढ्यात तबलजींनी त्याच षड्जावर तबला आणून ठेवला आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आले. त्याला जी दाद मिळाली ती संध्याकाळभरातल्या कुठल्याही तानेला मिळाली नाही. आपल्याकडचा श्रोता असा आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

राग मियाँमल्हार. कोमल गंधारावरचं ते आंदोलन, आणि मंद्रात दोन निषाद एकमेकांना चिकटून येतात ते! त्यांनी निषादावरून षड्जावर यायला इतका वेळ लावला की माझ्या मागच्या काकू मोठ्याने "आई गं" म्हणाल्या. मग मध्यलयीतली एक चीज, थोड्या घाईत गायल्यासारखी वाटली मला, आणि शेवटी एक अभंग.

परतताना गाडीत हेच. मैत्रिणीला ताना आवडल्या, ती म्हणाली एका दमात तालाची तीन आवर्तनं घेतली, तू मोजलीस का. मी नव्हती मोजली. मामाला अभंग आवडला, म्हणे मल्हार चांगला होता पण अभंगात बाई घरी आल्यासारख्या गायल्या. मी म्हटलं मला तंबोरे मिळवणंच सगळ्यात जास्त आवडलं, तर मैत्रीण म्हणाली ते काय गाणं आहे का?

त्यावर वेर्ण्यापासून कुठ्ठाळीपर्यंत वाद झाला आणि मी इथेही तेच लिहिते, मला तसंच वाटतं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही दोघी एका एसी हॉलमधल्या कार्यक्रमाला गेलो होतो. समई, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची भाषणं यात पाऊण तास गेला आणि मग कलाकार बसले तेव्हा सूत्रसंचालक दर दोन मिनिटांनी माइकवर काहीतरी बोलत होते, का तर शांतता नको. बाहेरच्या दमट हवेतून वाद्यं त्या गारठ्यात आलेली, तारा आकसतात, चामडं कोरडं होऊन ताठ होतं, सगळं वर चढतं, त्यांना तिथल्या हवेत जरा बसू द्यायला नको का? तंबोरे अर्धवट मिळवून गाणं सुरू करावं लागलं, वर इलेक्ट्रॉनिक तंबोरा मोठा करून ठेवला. गायक फार मोठे, गायलेही मनापासून, पण मला पूर्ण वेळ काहीतरी टोचत होतं आणि काय ते तेव्हा सांगता आलं नव्हतं. आज कळलं काय टोचत होतं. भाषणाला वेळ आहे आणि सुराला नाही याचं मला आजही वाईट वाटतंय.

मामा मग खाप्रुमामा पर्वतकरांवर गेला, एकाच वेळी हातापायांनी वेगवेगळे ताल धरणारा माणूस या मातीत झाला, आणि तुम्ही पंधरा मिनिटं थांबायला तयार नाही! मामाचा आवाज चढला की आम्ही कुणी मधे बोलत नाही.

जुवारी पुलावर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. भाचीने विचारलं, ती अंतराळात गेली ती गोव्याची गायिका कोण? केसरबाई केरकर, आमच्या फोंड्याच्या केरीच्या. मैत्रिणीने फोनवर लावली ती भैरवी, साडेतीन मिनिटांची. नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत ती आहे, व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं आणि केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. अकरा दिवस. मी हे दर वेळी मोजते आणि दर वेळी गप्प होते.

पण आज ऐकताना दुसरंच मनात आलं. रेकॉर्ड सुरू होते तेव्हा सगळं आधीच लागलेलं असतं. त्या दिवशी स्टुडिओत तंबोरे मिळवायला किती वेळ लागला असेल, केसरबाई कशा बसल्या असतील, किती वेळा "अजून नाही" म्हणाल्या असतील, त्यातलं काही तबकडीवर नाही, कुठेच नाही. ते फक्त त्या खोलीत बसलेल्यांना मिळालं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मैत्रीण थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पुढच्या वेळी मला पण पुढे बसव. बांबोळीला ती उतरली.

घरी आल्यावर भाची सरळ आतल्या खोलीत गेली आणि कपाटामागचा आजीचा तंबोरा गवसणीतून काढून बसली. खर्जाची तार तुटलेली आहे, जोडातली एक गंजलीय, पंचम कसाबसा आहे. मामा दमला होता, तरी जमिनीवर बसून तिला खुंटी कशी पिळायची, मणी कसा सरकवायचा ते दाखवत होता, गणेश चवथीला घुमट हे मातीचं वाद्य काढतो तेव्हा त्याचं चामडं शेकताना त्याचा चेहरा जसा होतो अगदी तसा. पाऊस परत लागलाय. ती दोघं अजून बसलीयत, पंचम लावतायत, मला इथे ऐकू येतंय, जरासा उतरलेलाच आहे अजून.

उद्या ऑफिसातून येताना खर्जाची पितळी तार मिळते का ते बघायचं. जोडाच्या दोन पण आणाव्या.