भूसुधारक टाकलेल्या कुरणात: काय पाहिलं, काय न्यावं

मातीत भूसुधारक (मातीचे गुण सुधारणारे पदार्थ) मिसळून चराऊ रानातल्या चाऱ्याचा कस वाढतो का, हे बघायला आम्ही पावसाच्या शेवटाला गेलो. बरंचसं गवत फुलोऱ्यावर आलं होतं. तुम्ही जाल तेव्हा ते पोटरीत, म्हणजे तुरा पानाच्या आवरणातच असताना गाठा. दांडा निबर झाला की प्रथिनं घटतात, तंतू आणि न पचणारं लिग्निन वाढतात. एक पट्टा कोवळा आणि दुसरा जून असेल तर मोजला जातो तो वयाचा फरक, मातीचा नव्हे.

कुंपणाच्या आत कंपोस्ट, जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज), बायोचार (काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा), हायड्रोजेल (पाणी शोषून फुगणारे कण) असे वेगवेगळे पट्टे आणि शेजारी काहीच न टाकलेला एक. हा कोरा पट्टा नसेल तर मी म्हणेन जाऊच नका. कुंपणाबाहेरच्या ओरबाडलेल्या जमिनीशी तुलना केली की राखणीचं श्रेय भूसुधारकाला मिळतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला जिप्समपाशी. ते दोन जागी टाकलं होतं. खालच्या चोपण खळग्यात पाणी मुरत होतं, गवताने मूळ धरलं होतं. वरच्या मुरमाड उतारावर मात्र फरक शोधूनही सापडेना. चोपण मातीत सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात आणि पाणी मुरायच्या वाटा बुजतात. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावतं, मग पाणी त्याला खाली वाहून नेतं. उतारावर हुसकावायला सोडियमच नव्हतं! आणि जमिनीला निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो, म्हणून आधी निचऱ्याचे चर आहेत का ते बघा.

सोबत काचेचा पेला आणि ऊर्ध्वपातित पाणी ठेवा. वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका. भोवती दुधाळ वलय पसरलं तर माती चोपण असण्याची दाट शक्यता. सामू (pH) 8.5 च्या वर निघाला तर संशय आणखी पक्का.

हायड्रोजेल रोपांच्या खड्ड्यांतच टाकलं होतं, ते शहाणपणाचं. एवढ्या मोठ्या रानावर ते कोण पसरणार? शिवाय खारट पाण्यात ते फारच कमी फुगतं. जाहिरातीतले आकडे बहुधा शुद्ध पाण्याचे असतात. बायोचारवरचं गवत फिकट वाटलं. नुसता ताजा बायोचार सुरुवातीला नत्र अडवून ठेवू शकतो, कंपोस्टमध्ये मुरवून टाकलेला बरा.

कंपोस्टवरचं गवत सर्वांत दाट होतं. फोटो सगळे तिथेच काढतात. पण झपाट्याच्या वाढीत दांडेच जास्त आले तर प्रथिनांची टक्केवारी उलट खाली येते. ती साधारण 7 च्या खाली गेली की कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातल्या) जिवाणूंना नत्र पुरत नाही आणि जनावराचं खाणंच कमी होतं. म्हणून मालकाला उत्पन्नाचा आकडा विचारलात तर प्रथिनांचा आणि पचनीयतेचाही विचारा. पट्ट्यात शेंगवर्गीय झाडोरा किती आला तेही बघा; कस वाढण्यामागे बरेचदा तोच असतो.

नमुना घेताना विळ्याने बुडापासून कापू नका. जनावर जेवढा शेंडा ओरबाडेल तेवढाच हाताने खुडा. प्रत्येक पट्ट्यात चार-पाच जागी खुडून एकत्र करा, त्याच जागची वरची 15 सेंटिमीटर माती घ्या. गवत कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ते घामेजून तापतं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बुरशी धरतं.